हिशोबाची वही : शून्य टक्के, पण किती महिने?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी खासगी शाळेत शिक्षिका आहे. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी क्रेडिट कार्डावर बराच खर्च झाला आणि तो अजून फिटत नाहीये. आज बाकी १,२०,००० आहे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. मी दर महिन्याला न चुकता ६,५०० भरते, तरी आकडा हलत नाही. आता दुसऱ्या एका बँकेतून रोज फोन येतोय : ‘आमचं कार्ड घ्या, जुनी बाकी आमच्याकडे आणा, ९० दिवस शून्य टक्के.’ त्याच बँकेची दुसरी योजनाही आहे, महिना सव्वा टक्का व्याजाने २४ हप्त्यांची. मिस्टर म्हणतात शून्य सोडून सव्वा टक्का कोण घेईल? शिवाय त्यांना मेसेज आलाय की वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज लावणं कोर्टाने बेकायदा ठरवलंय, त्यामुळे काही भरूच नकोस. काय करू?
— एक वाचक

उत्तर : आधी मिस्टरांच्या मेसेजचा निकाल लावू. तो मेसेज जुना आहे आणि आता खोटा आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निर्णय दिला होता खरा, पण सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा ‘भरूच नकोस’ हा सल्ला ऐकू नका. त्यांना प्रेमाने सांगा की मेसेज पुढे पाठवण्याआधी तारीख बघावी.

आता तुमचा आकडा का हलत नाही ते बघू. १,२०,००० वर साडेतीन टक्के म्हणजे ४,२०० व्याज. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, कारण बिलात तो वेगळ्या ओळीत, बारीक अक्षरात असतो. तो ७५६. दोन्ही मिळून ४,९५६. तुम्ही भरता ६,५००. म्हणजे तुमच्या कष्टाच्या पैशातले फक्त १,५४४ रुपये मुद्दलात जातात. याच चालीने गेलात, कार्डाला हातही लावला नाहीत, तर ३६व्या महिन्यात सुटाल आणि तोवर १ लाख २० हजारांचे साधारण २ लाख ३१ हजार भरलेले असतील.

‘कार्डाला हातही लावला नाहीत तर’ हे मी मुद्दाम लिहिलं. बाकी ओढत असताना कार्डाची बिनव्याजी मुदत संपलेली असते. किराणा घेतला तरी त्या दिवसापासून मीटर सुरू. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीये, पण बहुतेकांचं होतं असं की भरलेले १,५४४ आणि नवी खरेदी २,०००. मग आकडा कसा हलेल?

आता मिस्टरांचा शून्य टक्का. शून्य म्हटलं तरी फी असतेच. तुमच्या ऑफरमध्ये ती किती ते तुम्ही लिहिलेलं नाही, मी दोन टक्के धरते. २,४०० आणि वर जीएसटी ४३२, म्हणजे २,८३२. तीन महिन्यांत तुम्ही ६,५०० प्रमाणे १९,५०० भराल. ९१व्या दिवशी नव्या कार्डावर १,०३,३३२ उरतील, आणि त्यावर पुन्हा तोच साडेतीन टक्के, तोच जीएसटी. इकडची टोपी तिकडे. शून्याचा पुरता फायदा घ्यायचा तर तुम्हाला महिन्याला ४०,९४४ भरावे लागतील. ते असते तर तुम्ही मला पत्र कशाला लिहिलं असतं?

तरीही, खरं ते सांगते, अशा अर्धवट वापरानेही फायदा होतो. तीन महिन्यांत साधारण ११,८०० रुपये व्याज वाचतं, आणि ते मुद्दलातून गेल्यामुळे पुढच्या व्याजातही वाचत जातं. ३६ऐवजी ३०व्या महिन्यात सुटका, आणि व्याज-फी मिळून १ लाख ११ हजारांऐवजी ७१ हजारांच्या आसपास. चाळीस हजार वाचले. मिस्टर अगदीच चुकले नाहीत.

पण सव्वा टक्क्याची योजना बघा. १,२०,००० चे २४ हप्ते, प्रत्येकी ५,८१८. पहिल्या हप्त्यात १,५०० व्याज, त्यावर जीएसटी २७०, म्हणजे ६,०८८. पुढे व्याज उतरत जातं तसा जीएसटीही उतरतो. दोन वर्षांचं व्याज सुमारे १९,६००, जीएसटी ३,५००, आणि दीड टक्का फी धरली तर जीएसटीसह २,१२४. सगळं मिळून २५,३०० च्या आत-बाहेर. ३६ महिने नाही, ३० नाही, २४. आणि हप्ता तुम्ही आज भरता त्यापेक्षाही कमी.

मी कार्ड विभागात चौदा वर्षं काढली, त्यातली पाच फोनवर. आम्हाला शिकवलं होतं की पहिल्या वाक्यात ‘शून्य’ आलं पाहिजे. लोक दर विचारायचे, फी विचारायचे, पण मुदत संपेल तेव्हा किती उरेल हे माझ्या आठवणीत दोघा-तिघांनीच विचारलं असेल. तुम्ही आधी स्वतःला विचारा : महिन्याला किती भरू शकते, आणि त्याने फेडायला किती महिने लागतील? तेवढे महिने जी ऑफर साथ देते ती तुमची. तीन महिन्यांत फेडणाऱ्यासाठी शून्य टक्काच बरा. तुम्हाला दोन वर्षं लागणार आहेत.

होय म्हणण्याआधी फोनवरच्या मुलाला एवढं विचारा की सव्वा टक्का ‘फ्लॅट’ आहे की घटत्या बाकीवर. घोडं इथेच पेंड खातं. घटत्या बाकीवर म्हणजे जितकी बाकी उरली तितक्यावरच व्याज. फ्लॅट म्हणजे शेवटच्या महिन्यातही पूर्ण १,२०,००० वर व्याज, जरी तोवर बहुतेक रक्कम फेडलेली असली तरी. दोन वर्षांच्या हप्त्यांत एक टक्का फ्लॅट म्हणजे घटत्या बाकीवरचा जवळजवळ एक पूर्णांक आठ टक्का. म्हणजे ऐकायला एक टक्का सव्वापेक्षा स्वस्त, भरायला महाग. दर विचारून भागत नाही. ‘हप्ता किती, किती हप्ते, जीएसटी धरून एकूण किती भरायचे’ हे मेलवर मागवा. फोनवर सांगतात ते हवेत जातं.

दुसरं, त्या नव्या कार्डावर काही खरेदी करू नका. अगदी बसचा पासही नको. कारण सांगते. तुम्ही भरलेले पैसे कुठल्या खात्यात आधी जमा होतात याचा क्रम कार्डाच्या अटींमध्ये ठरलेला असतो. कर, फी, व्याज, हप्ते हे आधी, आणि काही कार्डांत त्यानंतर ट्रान्सफर केलेली बाकी, आणि त्यानंतर खरेदी. म्हणजे तुमचे पैसे स्वस्त कर्ज फेडायला जातात आणि साडेतीन टक्क्यांची खरेदी तशीच व्याज खात बसते. हा क्रम बँकेगणिक वेगळा असतो. कार्डासोबत जे ‘महत्त्वाच्या अटी व शर्ती’चं बाड येतं त्यात तो परिच्छेद शोधा. मी कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात तो वाचला आणि माझ्याच कार्डाचं बिल काढून परत तपासलं होतं.

एक हप्ता चुकला तर सवलतीचा दर रद्द, अशी अटही अनेक ठिकाणी असते. म्हणून हप्ता खात्यातून आपोआप वळता करून ठेवा, पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा.

आणि हे सगळं करण्याआधी दोन फोन करा. एक तुमच्या आत्ताच्या कार्डाच्या बँकेला : ‘माझी बाकी हप्त्यांत करून द्याल का, काय दराने?’ गिऱ्हाईक जाणार म्हटल्यावर त्यांचाही सूर बदलतो, आणि झालं तर नव्या कार्डाची भानगडच नको. दुसरा फोन तुमचा पगार जमा होतो त्या बँकेला, वैयक्तिक कर्जासाठी. ते जर वर्षाला १५ टक्क्यांनी, म्हणजे महिना सव्वानेच मिळालं, तरी कार्डापेक्षा स्वस्त पडेल, कारण साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. कार्डाच्या व्याजावर असतो. तुमच्या हिशोबात ते साडेतीन हजार सरळ वाचले.

शून्य टक्क्यावर मी एवढी का घसरते, तेही सांगून टाकते. मी स्वतः एकदा ४५,००० ची बाकी अशीच ९० दिवसांसाठी हलवली होती. कार्ड विभागात बसून, सगळं कळत असून. जुनं कार्ड मोकळं झालं आणि पाकिटात खुपायला लागलं. पंधरा दिवसांत त्यावर फ्रिज आला. जुना फ्रिज चालत होता, फक्त आवाज करायचा. चौथ्या महिन्यात माझ्याकडे दोन कार्डं होती आणि दोन्हींवर बाकी. नवा फ्रिजही आता आवाज करतो.

प्रश्न : मॅडम, गेल्या महिन्यात मी ८०,००० रुपयांची पूर्ण बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर हलवली. जुन्या कार्डाचं बिल जेवढं आलं होतं, बरोबर तेवढी रक्कम गेली. मला वाटलं संपलं. आता जुन्या बँकेने १,४१२ रुपयांचं बिल पाठवलंय! मी एक पैसाही खर्च केलेला नाही. ही सरळ फसवणूक आहे. मी भरणार नाही. तक्रार कुठे करू?
— एक चिडलेले वाचक

उत्तर : राग समजू शकते, पण भरा. आजच भरा, मग माझ्यावर चिडा.

बिल निघालं त्या दिवसापर्यंतचं व्याज त्या ८०,००० मध्ये होतं. पण नव्या बँकेचे पैसे काही त्या दिवशी पोचले नाहीत. कार्डावरचं व्याज रोजच्या रोज चढतं. वर्षाला ४२ टक्के धरले तर ८०,००० वर दिवसाला ९२ रुपये. बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख यात तेरा दिवस गेले असले पाहिजेत. तेरा दिवसांचे १,१९७, त्यावर जीएसटी २१५. झाले १,४१२. तुमचं स्टेटमेंट काढून दोन्ही तारखा बघा, मी पैज लावते. दर थोडा वेगळा असेल तर दिवस बारा किंवा चौदा निघतील, एवढंच.

ही शेपटी जवळजवळ प्रत्येक ट्रान्सफरच्या मागे येते आणि आम्ही फोनवर कधी आपण होऊन सांगायचो नाही. कोणी विचारलंच तर सांगायचो. हे चांगलं नव्हतं, मी मान्य करते.

न भरल्यास काय होईल? लेट फी लागेल, त्यावर जीएसटी लागेल. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये जे नियम आणले त्यांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला की बँक तुमचं खातं थकीत म्हणून कळवू शकते. १,४१२ रुपयांसाठी क्रेडिट रिपोर्टवर डाग कशाला? उद्या घराचं कर्ज मागायला जाल तेव्हा तिथला अधिकारी रक्कम बघत नाही, तो फक्त ‘थकीत’ हा शब्द बघतो.

भरल्यानंतर एक करा. बँकेला लिहून विचारा की आता काही येणं बाकी आहे का, आणि उत्तर ‘शून्य’ असं लेखी घ्या. तारखा जुळल्याच नाहीत, हिशोब माझ्या आकड्यांच्या जवळपासही आला नाही, तर मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. पण माझ्या मते तुमच्यावर ती वेळ येणार नाही.

ज्यांचं ट्रान्सफर अजून व्हायचंय त्यांच्यासाठी : नव्या बँकेकडून पैसे पोचेपर्यंत मध्ये जुन्या कार्डाची देय तारीख येत असेल तर किमान रक्कम स्वतः भरून टाका. ‘त्यांनी पाठवलेत ना’ म्हणून गप्प बसलेल्यांचे फोन मी घेतलेत. पैसे निघालेले असायचे, पोचलेले नसायचे. जास्त भरले गेले तर कार्डावर जमा दिसतील आणि मागितल्यावर परत मिळतील.

प्रश्न : ताई, बॅलन्स ट्रान्सफरसाठी नवं कार्ड काढलं तर सिबिल खराब होतं का? आणि जुनं कार्ड बंद करावं की ठेवावं? सगळीकडे वाचते की बंद करू नका.
— एक वाचक

उत्तर : नवं कार्ड मागितलं की बँक तुमचा रिपोर्ट मागवते, त्याची नोंद होते आणि स्कोअर थोडा खाली येऊ शकतो. एका कार्डाने आभाळ कोसळत नाही. एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकलेत तर मात्र तुम्ही पैशासाठी वणवण फिरताय असं दिसतं. म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करा, आणि आधी विचारून घ्या की ट्रान्सफरला मर्यादेच्या किती टक्के चालतात. कार्डाची मर्यादा एक लाख मिळाली म्हणून एक लाख हलवता येतीलच असं नाही. लोकांची निम्मी बाकी इकडे आणि निम्मी तिकडे अडकते ती इथेच. वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून, पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो आधी काढून बघा. सिबिल म्हणजे एकच ब्युरो. एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क हे आणखी तीन.

कार्ड ठेवायचं की बंद करायचं? ‘बंद करू नका’ म्हणणाऱ्यांचं गणित बरोबर आहे. जुनं कार्ड रिकामं ठेवलं तर एकूण मर्यादा मोठी राहते आणि तिच्यातली वापरलेली रक्कम प्रमाणात कमी दिसते. स्कोअरला ते आवडतं. पण ते सांगणारे तुमच्या पाकिटात राहत नाहीत. माझ्या फ्रिजची गोष्ट वर वाचलीत. रिकामं कार्ड हातात आलं की आपण कसे वागतो हे तुम्हाला तुमच्यापुरतं माहीत असतंच. हात आवरतो असं वाटत असेल तर ठेवा, ॲपमधून ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करून, मर्यादा कमी करून. नसेल वाटत तर बंद करा. स्कोअर दहा-वीस आकडे खाली गेला तर परत वर येतो.

बंद करायचं तर बाकी पूर्ण फेडून, ती मागे राहणारी व्याजाची शेपटीसुद्धा भरून, मग लेखी विनंती करा. २०२२च्या त्याच नियमांनुसार बँकेला सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. अट एकच की काही येणं बाकी नको. कस्टमर केअरवाला ‘मॅडम, वार्षिक फी माफ करतो, ठेवा ना’ म्हणेल. तो त्याचं काम करतोय, ओरडू नका. कार्ड बंद झाल्याचा मेल आला की तो जपून ठेवा आणि कार्ड चिपच्या मधून कापा. बंद न करता नुसता कोपरा कापलेलं एक कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे. चिप शाबूत होती, म्हणून ते पेट्रोल पंपावर आणखी महिनाभर चाललं होतं.